सेवाग्रामात चप्पल तुटली

मुलांनो, सहलीला निघताना गुरुजींच्या खिशात एक यादी असते. मुलांची नावं, पालकांचे फोन नंबर, औषधाची पेटी, शिट्टी, आणि एसटीत उलटी होणाऱ्यांसाठी पिशव्या. (त्या लागतातच!) गेल्या हिवाळ्यात आमच्या पाचवीची सहल सेवाग्रामला गेली, तेव्हा यादीतलं सगळं मी आठवणीनं घेतलं होतं. सुतळीचा तुकडा तेवढा यादीत नव्हता आणि नेमका तोच लागला. पण ते पुढे सांगतो.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. अठ्ठावीस मुलं, दोन गुरुजी, एक बाई आणि एक लाल एसटी. कळंब, देवळी मागे टाकत गाडी वर्ध्याकडे निघाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. धुक्यात शेतं अशी दिसत होती की कुणी रात्रीतून कापडाचे तुकडे वाळत घातलेत! वेचणीला निघालेल्या बाया गाडी पाहून हात हलवत होत्या आणि आमची पोरं खिडकीतून त्यांना ओरडून विचारत होती, "काकू, येता का सेवाग्रामले?"

वर्ध्यापासून सेवाग्राम आठेक किलोमीटर. या गावाचं जुनं नाव शेगाव. मिठाच्या सत्याग्रहासाठी १९३० साली गांधीजी साबरमतीचा आश्रम सोडून निघाले, ते स्वराज्य मिळाल्याशिवाय परत न येण्याचं ठरवूनच. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी या लहानशा खेड्यात राहायला गेले. पण एक पंचाईत झाली. आपल्या विदर्भात शेगाव आणखी एक आहे ना, गजानन महाराजांचं! बापूंची पत्रं तिकडे जायला लागली. देशभरातून, परदेशातून रोज ढीगभर टपाल यायचं, आणि ते चुकून बुलढाणा जिल्ह्यात! शेवटी १९४० साली गावाचं नाव बदललं आणि सेवाग्राम झालं.

आश्रमाच्या फाटकातून आत शिरलो तसा एक मुलगा इकडे तिकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, बापूचा बंगला कुठी हाये?"

मी बोट दाखवलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, बांबूचा आधार, खाली सारवलेली जमीन, बसायला चटई. पोरगं बराच वेळ पाहत राहिलं. मग म्हणालं, "हे तं आमच्या घरासारखंच हाये!" त्याच्या आवाजात निराशा होती की आनंद, ते मला अजून कळलेलं नाही.

ही बापू कुटी. आधी ही मीराबेनची होती. मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड, इंग्रजांच्या आरमारातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. भिंतीवर मातीनंच झाडं आणि चरखा काढलाय, तो त्यांच्या हातचा. आमच्या वर्गातल्या मुली तिथेच खिळल्या, कारण दिवाळीआधी भिंत सारवणं हे त्यांचं दरवर्षीचं काम. "मॅडमनं बोटानं काढलं का काडीनं?" यावर त्यांच्यात चांगलाच वाद झाला.

पुढे 'बापूंचं दफ्तर' अशी पाटी दिसली. पोरं धावत सुटली! त्यांना वाटलं, बापूंचं शाळेचं दप्तर ठेवलंय. दफ्तर म्हणजे कचेरी, हे कळल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. मग दिल्लीच्या व्हाइसरॉयनं, म्हणजे लॉर्ड लिनलिथगोनं, बापूंशी बोलता यावं म्हणून या खेड्यात टेलिफोन बसवला होता, हे सांगितल्यावर पुन्हा खुलली.

पण आश्रमातल्या सगळ्या वस्तूंमध्ये मुलांनी जास्तीत जास्त वेळ कशासमोर घालवला असेल, सांगा बरं? एका लाकडी पिंजऱ्यासमोर. शेजारी लांब लाकडी चिमटा. ओसाड जागा, त्यामुळे आश्रमात साप फार निघायचे. मारायचे तर नाहीत. मग या चिमट्यानं अलगद धरून पिंजऱ्यात घालायचे आणि लांब रानात नेऊन सोडायचे. आता हे वाचून तुम्ही घरी चिमटा करायला घेऊ नका हं! साप दिसला की लांब उभं राहायचं आणि मोठ्या माणसांना सांगून सर्पमित्राला बोलवायचं.

सगळी पुढे गेली तरी एक मुलगी तिथेच उभी होती. मी जवळ गेलो.

"माह्या मामाले चावला होता, गुरुजी. आधी मांत्रिकाकडं नेलं. मंग दवाखान्यात. मामा वाचला, पन बोट कापा लागलं."

सहल थांबवून मी सगळ्यांना तिथेच खाली बसवलं. आपल्याकडे शेतात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हे आलंच पाहिजे, म्हणून तुम्हालाही सांगतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. पण चावलेला साप कुठला ते ओळखत बसायचं नाही, त्याच्या मागेही धावायचं नाही. ज्याला चावलाय त्याला धीर द्यायचा आणि चालू-पळू द्यायचं नाही, कारण हालचालीनं विष अंगात लवकर पसरतं. अंगठी, कडं, पैंजण असेल तर काढून घ्यायचं, कारण सूज आली की ते रुततं. चावलेला हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा. ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, दोरीनं आवळायचं तर मुळीच नाही. आवळल्यानं रक्त थांबतं आणि मग बोटच काय, पूर्ण हातसुद्धा जाऊ शकतो. १०८ ला फोन करायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरळ दवाखाना गाठायचा. सापाच्या विषावरचं औषध तिथेच मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

ती मुलगी म्हणाली, "हे मामीले माहीत असतं तं?"

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

परचुरे शास्त्रींच्या कुटीपाशी आलो. हे संस्कृतचे मोठे पंडित, पण त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी अशा माणसाला घरचेसुद्धा जवळ करत नसत. बापूंनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालिश केलं. मुलं इथे आपोआप गप्प झाली. मला काही सांगावं लागलं नाही.

दुपारी झाडाखाली डबे सोडले. पोट भरलं आणि मला भाषणाची लहर आली. (शिक्षकाचा हा जुनाच आजार.) म्हटलं, बघा मुलांनो, या आश्रमात दळण, भाजी चिरणं, भांडी, झाडलोट, संडास साफ करणं, ही सगळी कामं आश्रमातली माणसं वाटून घ्यायची. नोकर नाहीत. आणि बापू हे सगळं एका दिवसात शिकले नाहीत बरं का. फजिती होत होत शिकले.

मग मी त्यांना कॉलरची गोष्ट सांगितली. ती बापूंनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवली आहे. दक्षिण आफ्रिकेत ते बॅरिस्टर होते. धोब्याचं बिल फार यायचं, कपडेही वेळेवर यायचे नाहीत. तेव्हा त्यांनी कपडे धुण्यावरचं पुस्तक आणलं, सामान आणलं आणि स्वतः शिकायला बसले. त्या काळी कॉलर शर्टापासून वेगळी असायची, खळ लावून कडक करायची. पहिल्याच कॉलरला खळ झाली जास्त. इस्त्री नीट तापली नव्हती आणि जळेल या भीतीनं दाबलीही नाही. कॉलर कडक झाली खरी, पण बॅरिस्टरसाहेब ती घालून कोर्टात गेले तर खळ टपटप गळतेय! सगळे वकील हसायला लागले.

केसांचीही तीच तऱ्हा. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं काळ्या माणसाचे केस कापायला नकार दिला. अपमान तर झालाच होता. बापूंनी कात्री-मशीन विकत घेतलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचे केस स्वतः कापले. पुढचे जमले बऱ्यापैकी. मागचे? मागचं कुणाला दिसतंय! दुसऱ्या दिवशी कोर्टात मित्रांनी विचारलं, केस उंदरांनी कुरतडले की काय?

पोरं लोळण घेत हसली. त्यांना वाटायचं, बापू म्हणजे नोटेवरचे. नोटेवरच्या माणसाला उंदीर कुरतडतात हे त्यांना फार आवडलं.

आणि तेच बापू पुढे इतके तयार झाले की १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले, तेव्हा त्यांच्या उपरण्याला बापूंनी इस्त्री करून दिली. साधं उपरणं नव्हतं ते. न्यायमूर्ती रानड्यांनी गोखल्यांना दिलेलं, जिवापाड जपलेलं. जोहान्सबर्गला मेजवानीला जायचं होतं आणि उपरणं चुरगळलेलं. बापू म्हणाले, मी करून देतो. गोखले काही देईनात. वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, पण धोबी म्हणून नाही, असं त्यांचं म्हणणं! शेवटी कसंबसं दिलं. आणि बापूंची इस्त्री पाहून पसंतीची पावतीही दिली.

मग चपलांची गोष्ट. टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाख नावाचे त्यांचे जर्मन मित्र होते. ते ख्रिस्ती साधूंच्या मठात जाऊन चपला करायचं शिकून आले, त्यांच्याकडून बापू शिकले आणि पुढे इतरांना शिकवू लागले. ज्या जनरल स्मट्सनं त्यांना तुरुंगात टाकलं, त्यालाच १९१४ साली आफ्रिका सोडताना बापूंनी स्वतः केलेल्या चपलांचा जोड भेट दिला. स्मट्सनं तो पुढे कित्येक उन्हाळे वापरला.

"तर मुलांनो," असं म्हणून मी ऐटीत उठलो, एक पाऊल टाकलं आणि माझ्या उजव्या चपलेचा पट्टा तळातून उपटून बाहेर आला.

एक क्षण शांतता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, आता बापू पाह्यजे होते!"

काय सांगू तुम्हाला! मी चप्पल हातात घेऊन उलटीसुलटी पाहतोय. पट्टा पुन्हा भोकात खुपसला, निघाला. परत खुपसला, परत निघाला. खरं सांगायचं तर मला काहीच येत नव्हतं. लहानपणी शर्टाचं बटण आई लावायची, आता बायको लावते. चप्पल तुटली की चौकातला मोची. डी.एड.ला कार्यानुभव विषय होता, त्याची सुंदर फाइल मी सादर केली होती आणि मला वीसपैकी अठरा गुण मिळाले होते. ती फाइल माझ्या बहिणीनं करून दिली होती. आज हे पहिल्यांदाच कबूल करतोय.

तेवढ्यात शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा पुढे आला. "गुरुजी, द्या इकडे थे."

हा मुलगा वर्गात बोलत नाही. भागाकारात अडकतो. वाचताना जोडाक्षर आलं की थांबतो. त्यानं चप्पल घेतली, इकडे तिकडे पाहिलं आणि कुंपणापलीकडच्या बाभळीचा चांगला लांब काटा मोडून आणला. पट्ट्याच्या टोकाला काट्यानं दोन भोकं पाडली. डब्याच्या पिशवीचं तोंड बांधलेली सुतळी सोडली, तिचं टोक तोंडात ओलं करून पीळ दिला, दोन्ही भोकांतून ओवून तळाखालून घेतली आणि खालच्या अंगाला काडीचा एक तुकडा आडवा घालून त्यावर गाठ मारली. म्हणजे सुतळी भोकातून वर सुटू नये. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"ही निरगाठ हाये," तो म्हणाला. "सुटत नाही. बैलाले बांधताना हे नाही मारत. तिथी सुरगाठ पाह्यजे, एका टोकानं ओढली का सुटते. गोठ्याले आग लागली तं बैल लवकर सोडता आले पाह्यजे ना."

एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. मग सगळ्या पोरांनी त्याला गराडा घातला आणि अर्धा तास तिथे गाठींचा वर्ग भरला. मीही बसलो, मांडी घालून, मुलांमध्ये. सुरगाठ मला तिसऱ्यांदा जमली.

पण माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. याच मुलाला पहिल्या सत्रात कार्यानुभवात मी 'ड' श्रेणी दिली होती. का? तर त्यानं रंगीत कागदाची फुलं करून आणली नव्हती. कार्डशीट आणि चमकी आणायला बाप शहरात गेला नाही म्हणून. 'साहित्य आणत नाही, हस्तकौशल्य विकसित होणे आवश्यक' असा शेराही मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला होता.

आणि कुठे बसून मला हे आठवत होतं? सेवाग्रामला! ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला देशातल्या शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली होती. गांधीजींनी तिथे मांडलं, की मुलांचं शिक्षण हाताच्या उपयोगी कामातून व्हावं. सूत कातता कातता गणित शिकावं, शेतात काम करता करता विज्ञान शिकावं. पुढे योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे १९६७ साली आपले राष्ट्रपती झाले. हीच 'नई तालीम'. तिची शाळा सेवाग्रामलाच सुरू झाली. आजही तिथे 'आनंद निकेतन' नावाची शाळा २००५ पासून चालते आणि तिथली मुलं शेती, स्वयंपाक, सूतकताई करत शिकतात. आम्ही गेलो त्या दिवशी रविवार होता, म्हणून शाळा बंद. आमची पोरं कुंपणापाशी उभी राहून बघत होती. "यायच्या शाळेत चूल हाये म्हनते, गुरुजी!"

कार्यानुभव हा आपला विषय त्याच विचारातून आला. आणि आम्ही शिक्षकांनी त्याची काय केली? कागदाची फुलं!

परतीच्या गाडीत मी त्या मुलाशेजारी बसलो. म्हटलं, "तुझी श्रेणी चुकली रे माझ्याकडून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "श्रेणीनं का होते, गुरुजी?" असं म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेला.

सहलीनंतर आमच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास बदलला. मी मुलांना विचारलं, कुणाला काय येतं? उत्तरं ऐकून थक्क झालो. एकीला भाकरी येते, एकाला सायकलचं पंक्चर काढता येतं, एकीला आजोबांची बँकेची स्लिप भरता येते. पंधरा मुलींपैकी सगळ्यांना चहा येत होता, तेरा मुलांपैकी तिघांना. पालकांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. आता ज्याला जे येतं ते तो शिकवतो आणि आम्ही बाकीचे शिकतो. मी फक्त मला पक्कं माहीत असलेलं सांगतो. भाजलं तर टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि मग १९०६ ला फोन. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे चहाचे, आणि मीठ अंदाजानं नाही, मोजूनच.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. एका मुलाची आई शाळेत आली आणि चांगलीच तावातावानं बोलली. पोराला शाळेत भाकरी थापायला पाठवतो का आम्ही? तो काय पोरगी आहे? मी समजावून पाहिलं. त्या अजून रागातच आहेत. पोरगं मात्र शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसतं. त्याची भाकरी अजून नकाशासारखी होते. परवाची गुजरातसारखी झाली होती, कच्छसकट.

माझी चप्पल मी मोच्याकडे नेली नाही. त्याच सुतळीवर दोन महिने चालली.

आणि गेल्या सोमवारी मी पहिल्यांदा माझ्या शर्टाचं बटण स्वतः लावलं. दोरा ओवायला दहा मिनिटं, बोटाला तीनदा सुई, आणि बटण झालं काजापासून बोटभर खाली. घालून गेलो तसाच. प्रार्थना संपली, मुलं रांगेनं वर्गात शिरत होती. शेवटच्या बाकावरचा माझ्यासमोर थांबला, पोटाशी आलेली शर्टाची चुणी त्यानं नीट न्याहाळली आणि विचारलं,

"गुरुजी, हे उंदरानं शिवलं का?"